स्नॉर्केल की ब्रीदर पाइप: आधी काय बसवाल?

त्र्यंबक-इगतपुरीकडच्या फरशी पुलांवर पावसाळ्यात जीप घालणारे आधी स्नॉर्केल लावतात, कारण तो दिसतो. आमच्या मते ब्रीदर, म्हणजे अ‍ॅक्सल-गिअरबॉक्समधली हवा आत-बाहेर करू देणारी नळी, आधी.

स्नॉर्केलचं काम एकच: इंजिनला उंचावरची हवा देणं. पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पण एअरबॉक्सचा (एअर फिल्टरच्या डब्याचा) ड्रेन उघडा असेल किंवा जोड गळत असेल, तर स्नॉर्केल नुसता शोभेचा. तपासणी सोपी आहे: इंजिन आयडलवर ठेवून स्नॉर्केलचं तोंड जाड रबरी तुकड्याने झाका. काही सेकंदांत इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं, तर हवा दुसरीकडून शिरतेय.

ब्रीदरचं दुखणं गुडघाभर पाण्यातच सुरू होतं. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचं तेल दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेलं, दिसलं तर लगेच बदला. दोन्ही अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचे) ब्रीदर तेल सोसणाऱ्या होसने बॉनेटखाली वरपर्यंत न्या. होसला मोड पडू देऊ नका. खर्च स्नॉर्केलच्या मानाने किरकोळ.

अल्टरनेटर आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मात्र दोन्हींनी वाचत नाहीत. नव्या थारची कंपनीने दिलेली पाण्याच्या खोलीची मर्यादा 650 मिमी आहे. स्नॉर्केलने ती वाढली असं धरू नका. पाण्यातून जाताना लो रेंज (फोर-व्हीलचा हळू, ताकदीचा गिअर), पहिला गिअर, माणसाच्या चालण्याच्या वेगाने. पाण्यात इंजिन बंद पडलं, तर स्टार्टर मारू नका.

गंगापूर धरणाचा विसर्ग वाढून नाशकात पुराची खूण मानला जाणारा दुतोंड्या मारुती बुडायला लागला, की गोदाकाठी दोन्ही निरुपयोगी.