सोलापुरी चादर: घेताना हात कुठे फिरवायचा

खरी सोलापुरी चादर नवी असताना जड आणि जराशी खरखरीत लागते. चार-पाच धुण्यांनंतर ती मऊ पडते आणि मग वर्षानुवर्षं साथ देते. दुकानात पहिल्याच स्पर्शाला मखमलीसारखी लागली, तर सुतात भेसळ आहे का ते आधी बघा.

घडी उलगडा आणि मागची बाजू बघा. नक्षी तीच, रंग उलटे दिसायला हवेत: वर लालावर पांढरं फूल, तर खाली पांढऱ्यावर लाल. मग मोठ्या फुलाच्या मधोमध चिमूट धरून ओढा. कापडाचे दोन पदर सुटे होतात, फुलाच्या कडेला मात्र ते एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. जकार्ड मागावर, म्हणजे नक्षीप्रमाणे धागे आपोआप उचलणाऱ्या मागावर, दोन्ही पदर एकाच वेळी विणले जातात आणि नक्षीच्या रेघेवर आपली जागा बदलतात. ऊब मिळते ती या दोन पदरांत अडकलेल्या हवेमुळे. नुसत्या छापील चादरीत हे सापडणार नाही.

या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे सोलापुरी हे नाव तिथल्याच मालाला लावता येतं. तरीही पानिपतचा माल सोलापुरी म्हणून सर्रास विकला जातो. दशीतला एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. सूत कागदासारखा वास देत जळतं, राख बोटावर भुरभुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. रंगासाठी ओला पांढरा रुमाल गडद भागावर घासा. आणि एकाच मापाच्या दोन चादरी असतील तर वजन करायला सांगा. हलकी चादर स्वस्त मिळते, कारण तिच्यात आडवे धागे कमी ठोकलेले असतात. उजेडासमोर धरली की ते लगेच कळतं.

आता दोष. उभी बारीक रेघ म्हणजे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला आणि माग तसाच पुढे चालला. आडवा पट्टा दिसला तर माग थांबवून पुन्हा सुरू करताना आडव्या धाग्याचा ठोका कमी-जास्त पडलाय. सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर एक कामगार एकाच वेळी एकापेक्षा जास्त माग सांभाळतो, मजुरी नगावर मिळते, आणि थांबलेला माग म्हणजे बुडालेली मजुरी. खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणंही ऐकू येत नाही, तिथे तुटलेला धागा डोळ्यांनीच पकडावा लागतो. या कामगारांत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजाची घरं मोठ्या संख्येने आहेत. याच वस्तीत अनेक घरांतल्या बायका विड्या वळतात, कारण मागाच्या एकट्या मजुरीवर घर भागत नाही. म्हणून एखाद्या बारीक रेघेवरून भाव पाडू नये असं आमचं ठाम मत आहे. रेघेने चादर फाटत नाही. भोक किंवा सुटलेला काठ असेल तर मात्र परत करा.

धुताना पहिल्या दोन वेळा थंड पाण्यात, वेगळी. मिठाने रंग पक्का होत नाही, उगाच टाकू नका. भिजलेली चादर फार जड होते, मशीनमध्ये एका वेळी एकच घाला, नाहीतर पिळताना ड्रम हादरतो. दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. एकाच दोरीवर टाकली की पाण्याच्या भाराने मधे ताणली जाते. वर आलेला धागा ओढू नका, कापूही नका. सुईने दोन पदरांच्या मधे सारून द्या.

रोजच्या पांघरुणासाठी निःसंकोच घ्या. कडाक्याच्या थंडीत मात्र ही एकटी पुरत नाही.