फ्यूनच्या क्रोमध्ये दोन जेवणे

डेन्मार्कच्या खेड्यांत जुन्या हमरस्त्यांच्या कडेला प्रवाशांना जेवण आणि मुक्काम देणारी जी घरे शतकानुशतके चालत आली आहेत, त्यांना तिथे ‘क्रो’ म्हणतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात फ्यून बेटाच्या दक्षिणेला, स्वेंडबोर्ग आणि फोबोर्ग या दोन बंदरगावांच्या दरम्यान असलेल्या अशाच एका क्रोमध्ये आम्ही दोघे एक रात्र राहिलो आणि त्या मुक्कामात एकदा रात्रीचे व एकदा दुपारचे असे दोनदा जेवलो. क्रोचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे एक तक्रार येणार आहे; ती मालकीणबाईंच्या कानावर घालून झाली आहे, त्यांनी ती शांतपणे ऐकूनही घेतली आहे, तेव्हा तिची नावानिशी दवंडी पिटण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय आम्ही जे खाल्ले त्यातले बहुतेक पदार्थ त्या मोसमात त्या भागातल्या इतर क्रोंमध्येही मिळू शकतात. माझे मत आधीच सांगून टाकतो: दुपारच्या जेवणासाठी वाट वाकडी करून जावे, रात्रीच्या जेवणासाठी मात्र काय मागवायचे हे ठरवून जावे.

क्रोंचा इतिहास राजाज्ञेपासून सुरू होतो. राजा एरिक क्लिपिंग याने १२८३ साली राजमार्गांवर आणि तरींच्या ठिकाणी प्रवाशांसाठी अशी घरे उभारण्याचा हुकूम काढला, आणि १३९६ मध्ये राणी पहिली मार्गरेटे हिने दर चार मैलांवर एक क्रो असावा असे फर्मावले. जुना डॅनिश मैल साडेसात किलोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हे अंतर सुमारे तीस किलोमीटरचे, घोड्यावरून दिवसभरात बिनघोर कापता येईल इतके होते. पुढे ज्या क्रोंना राजाची सनद मिळाली त्यांना बीअर करण्याची, ब्रेनेवीन नावाची दारू गाळण्याची आणि पाव भाजण्याची करमाफी असे. त्या बदल्यात दारी आलेल्या वाटसरूला आसरा देणे त्यांच्यावर बंधनकारक असे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि हमरस्त्यावरची वर्दळ ओसरली, तरी ‘राजसनदी क्रो’ ही अक्षरे आणि वरचा मुकुट अनेक पाट्यांवर अजून टिकून आहे. आमच्या क्रोच्या दारावरही तो होता.

इमारत लाकडी चौकटीची आहे. काळ्या रंगवलेल्या तुळयांच्या मधल्या भिंतींना पांढरा चुना दिलेला आणि छप्पर पाणथळीतल्या देवनळाने हातभर जाडीचे शाकारलेले. अंगणाची कमान एवढी रुंद का, हा प्रश्न पडतो तोच लक्षात येते, की ती घोडागाड्यांसाठी आहे. जेवणाच्या खोल्या तीन असून त्यांचे छत इतके खाली आहे, की उंच वेटर दारातून येताना दर वेळी सवयीने मान झुकवतो. मे अखेरीस तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे टेबलावरच्या मेणबत्त्या बराच वेळ नुसत्या शोभेलाच होत्या. खिडकीजवळची जागा मात्र आवर्जून मागावी, कारण मधल्या खोलीत स्वयंपाकघराच्या दाराची ये-जा सतत चालू असते.

रात्रीचे जेवण तीन पदार्थांचे, माणशी ४६५ क्रोनरचे. सुरुवात पावाने आणि त्यासोबत येणाऱ्या रुयेओस्टने झाली. हे फ्यूनचे स्वतःचे म्हणावे असे ताजे चीज आहे. दूध विरजून, पाणी निथळून ते आपल्या चक्क्यासारखे घट्ट होऊ देतात, वर थोडे शहाजिरे पेरतात आणि मग ओटच्या पेंढ्याच्या व खाजकुयलीसारखी आग करणाऱ्या नेटल नावाच्या वनस्पतीच्या धुरावर अगदी थोडा वेळ धरतात. मऊ, किंचित आंबट चवीवर धुराचा एक पातळ थर तेवढा बसतो. सोबत मुळ्याच्या जातीची लाल रॅडिश, चाइव्ह म्हणजे कांद्याच्या बारीक पातीसारखी हिरवी पात, मीठ आणि राय या गव्हासारख्या धान्याच्या पिठाचा काळसर, जड पाव, रुगब्रोड. हा पदार्थ खरे तर जेवणाच्या किमतीत जमेलाही धरलेला नव्हता, आणि त्या रात्रीच्या दोन सर्वोत्तम गोष्टींपैकी ती एक ठरली. शुद्ध शाकाहारी मंडळींनी एवढे ध्यानात ठेवावे, की या चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारे, पुष्कळदा वासराच्या जठरातून काढलेले द्रव्य, वापरले जाते आणि ते कशापासून काढलेले आहे हे विचारून घेतलेले बरे.

पहिला पदार्थ पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा होता, वर फ्योर्डमधली लहान कोळंबी आणि वितळलेले लोणी. डेन्मार्कमध्ये शतावरीचा मोसम मे महिन्यात येतो आणि जूनच्या अखेरीस, सेंट हान्सच्या सणाच्या सुमारास संपतो. त्यामुळे या काही आठवड्यांत लोक ती जवळजवळ हपापल्यासारखी खातात. कोंब नीट सोललेले होते, एकही धागा दातात आला नाही. कोळंबी इवलीशी, गोडसर. फक्त मोजून सात. मोजण्याची वेळ यावी एवढी कमी नसावी, असे वाटून गेले.

मग आला हॉर्नफिस्क, आणि इथे मला थोडे थांबावेसे वाटते. कोकणातल्या टोळ माशाचा हा भाऊबंद. सापासारखा लांबट, तोंडाला चोचीसारखे टोक. वसंतात अंडी घालण्यासाठी त्याचे थवे डॅनिश किनाऱ्याच्या उथळ पाण्यात येतात आणि तेवढ्या दिवसांपुरता तो गावोगावच्या ताटांत दिसतो. त्याचे काटे चक्क हिरवे असतात. बिलिव्हर्डिन या रंगद्रव्यामुळे तसे होते आणि त्यात अपाय काही नाही, पण पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन कुटुंबातल्या मुलाने काटा उजेडात धरून बराच वेळ निरखला. माशाचे तुकडे राय धान्याच्या पिठात घोळवून भरपूर लोण्यात तळलेले, कडा कुरकुरीत, आत मांस घट्ट आणि रसाळ. सोबत साल खरवडलेले नवे बटाटे आणि ऱ्हुबार्बच्या देठांचे आंबटगोड शिजवण. माशाबरोबर ऱ्हुबार्ब ही जोडी तिथे जुनी आहे, आणि कोकम किंवा चिंच घातल्याशिवाय मासा गोड न लागणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. लोण्याचा जडपणा प्रत्येक घासाला तो आंबटपणा पुसून टाकत होता. काटे काढत, बोटे पुसत खाण्याचा हा पदार्थ आहे. त्यासाठी नाजूक हातरुमालाऐवजी मोठा सुती नॅपकिन ठेवण्याचे शहाणपण क्रोने दाखवले होते.

तक्रार आहे ती पत्नीने मागवलेल्या वासराच्या मांसाबद्दल. कोपनहेगनमध्ये २००४ साली बारा शेफनी ‘नव्या नॉर्डिक’ स्वयंपाकाचा जाहीरनामा काढला. मोसमात आणि आपल्या प्रदेशात पिकणाऱ्या गोष्टींना मान द्यावा हे त्याचे सांगणे खेड्यातल्या स्वयंपाकघरांपर्यंतही पोहोचले आणि त्याने भलेच झाले. पण त्याबरोबर शहरातला चिमटाही खेड्यात आला. मोठ्या काळ्या ताटात मांसाच्या चार गुलाबी चकत्या, तीन रंगांच्या प्युरीचे ठिपके, रानलसणीचा फेस आणि वर चिमट्याने बसवलेली तीन फुले अशी ती मांडणी होती. मांडायला इतका वेळ लागला असावा, की ताट पोहोचेपर्यंत मांस कोमट झाले होते आणि फेस बसला होता. मांस चांगले होते, रानलसूण मागच्या बीच नावाच्या झाडांच्या रानातली होती, आणि तरीही त्या ताटात त्या गावाचे असे काही लागत नव्हते. दोन पदार्थांच्या मधला पाऊण तासाचा खोळंबाही याच चिमट्याच्या खात्यावर जमा करावा लागेल. मालकीणबाईंनी त्या ताटाचे पैसे कमी करण्याची तयारी दाखवली. आम्ही ती घेतली नाही, कारण बाकीच्या जेवणाने ती भरपाई आधीच केली होती.

गोड पदार्थ म्हणून कोल्डस्कोल होते. ताकात अंडे, साखर, व्हॅनिला आणि लिंबू घालून केलेले हे गार पेय चमच्याने खातात, आणि त्यावर कामरयुंकर नावाची छोटी कडक बिस्किटे चुरतात. आपल्या पियूषाची आठवण येणे साहजिक आहे, पण हे त्याहून पातळ आणि कमी गोड. भाषेतली एक गंमत इथे सांगण्याजोगी आहे: डॅनिशमध्ये ‘ताक’ म्हणजे आभार. जेवण संपल्यावर घरी काय किंवा क्रोमध्ये काय, ‘ताक फॉर मॅड’, अन्नाबद्दल आभार, असे म्हणण्याची तिथे रीत आहे. आम्ही ते ताकाच्या वाटीवरूनच म्हटले, आणि वेटरला आम्हाला हसू का येते ते काही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फक्त एक पदार्थ मागवला, एगेकेये, म्हणजे फ्यूनचा अंड्याचा जाड केक. नावावरून गोड वाटेल, पण तो ऑम्लेटचा थोरला भाऊ आहे. अंडी, दूध आणि थोडे पीठ फेटून ओतीव लोखंडाच्या जड तव्यात मंद आचेवर फुलवतात, वर तळलेल्या डुकराच्या मांसाच्या जाड पट्ट्या रचतात आणि चाइव्हची पात मूठभर कापून पसरतात. तवा तसाच, धगधगता, टेबलाच्या मधोमध येतो आणि सगळ्यांनी त्यातूनच कापून घ्यायचे असते. म्हणूनच तो किमान दोघांसाठीच करतात, माणशी १७५ क्रोनर. सोबत रुगब्रोड आणि नाकात चढणारी मोहरी. काठाला लागलेला खरपूस भाग कोणी घ्यायचा यावरून आमच्यात जे झाले ते इथे लिहीत नाही. अंड्यांचा पिवळा रंग गडद होता, मध्यभाग थरथरता आणि मांसाचे मीठ नेमके. आदल्या रात्रीच्या काळ्या ताटात जे हरवले होते ते या तव्यात सापडले: शेजारच्या शेतातली अंडी, दारातली पात आणि त्यांना फारसे न छेडणारा हात. किंमत निम्म्याहून कमी, आणि वाट पाहणे वीस मिनिटांचे.

बिलाविषयी थोडेसे. डेन्मार्कमध्ये छापील किमतीत २५ टक्के कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात, त्यामुळे बक्षिशीची सक्ती नाही आणि तिची अपेक्षाही कोणी चेहऱ्यावर दाखवत नाही. नळाच्या पाण्याच्या तांब्याचे मात्र ३० क्रोनर लागले. तिथे ही प्रथा सर्रास आहे हे ठाऊक असूनही मला ते खटकले. वाइनची यादी लांबलचक आणि महाग आहे. हॉर्नफिस्कबरोबर फ्यूनचीच बीअर जास्त शोभली. शाकाहारी जेवण होते, पण आरक्षण करताना सांगून ठेवले तरच. आयत्या वेळी विचारणाऱ्या एका पाहुण्यांना शतावरी आणि बटाटे एवढ्यावरच भागवावे लागताना आम्ही पाहिले.

कोपनहेगनहून रेल्वेने ग्रेट बेल्ट ही सामुद्रधुनी बोगद्यातून आणि पुलावरून ओलांडून सव्वा तासात ओडेन्सला आणि तिथून दुसऱ्या गाडीने स्वेंडबोर्गला पोहोचता येते. पुढे बस आहे, आणि शनिवार-रविवारी तिच्या फेऱ्या कमी होतात. स्वयंपाकघर रात्री साडेआठला नवीन मागणी घेणे थांबवते, तेव्हा शेवटच्या बसने पोहोचण्याचा बेत असेल तर जेवणाची वेळ आधी फोन करून पक्की करावी, आणि त्याच फोनवर त्या दिवशी हॉर्नफिस्क आला आहे का तेही विचारून घ्यावे.