सारातोव्ह की चाड्त्सा : नव्या व्हॅक्यूम ट्यूबचे दोन पर्याय

अॅम्प्लिफायरसाठी आज नवी १२एएक्स७ (ध्वनीचा विद्युत संकेत वाढवणारी एक व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे निर्वात काचनळी) घ्यायची, तर रशियातील सारातोव्हच्या कारखान्याची की स्लोव्हाकियातील चाड्त्सा येथील जेजे इलेक्ट्रॉनिकची, असा प्रश्न पडतो. निर्मितीतील कठीण भाग दोन्हीकडे सारखाच आहे: कॅथोडवर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागावर, बेरियम व स्ट्रॉन्शियमच्या कार्बोनेटांचा एकसारखा थर द्यायचा, नळीतील हवा उपसताना तो तापवून त्याचे ऑक्साइड करायचे, आणि ग्रिडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीच्या, बारीक तारेचे वेढे जराही सरकू द्यायचे नाहीत, कारण त्यावरच ट्यूबचे गुणधर्म ठरतात. अशी कामे अनुभवी हातांनाच साधतात. सारातोव्हची ट्यूब सोव्हटेक, टुंग-सोल अशा अनेक ब्रँडनावांनी मिळते, आणि ही विविधता खरोखर मोलाची आहे. परंतु मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा एकाच कारखान्यावर किती ब्रँड विसंबून आहेत हे उघड झाले. म्हणून नेहमीच्या वापरासाठी मी चाड्त्साचीच ट्यूब निवडेन.