तहसील रोडवरचं सेतू केंद्र, माणूस खरं सांगतो पण बसायला जागा नाही

आमच्या मालकांचा पाय अपघातात गेला, 55 टक्के दिव्यांग सर्टिफिकेट हाय, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगाचं सरकारी ओळखपत्र) पण आलं. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या अनुदानाचा फॉर्म भरायला इथं गेले. दुसऱ्या एका ठिकाणी एजंट म्हणला होता ताई काळजी करू नका, उत्पन्नाचा दाखला बसवून देतो, पैसे तेवढे आधी द्या. इथल्या पोरानं आधी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हणलं कापडाच्या दुकानात, 9 हजार पगार. त्यानं तिथंच कॅल्क्युलेटरवर 12 नी गुणून माझ्याकडं फिरवलं, 1 लाख 8 हजार, आणि दिव्यांगाला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 50 हजार. म्हणजे नवरा बायको दोघांचं मिळून धरतात, बायको राबती म्हणून नवऱ्याचं अनुदान गेलं, हा नियमच लै उफराटा हाय पण त्यात त्या पोराचा काय दोष.

फॉर्म भरून पैसे घेता आले असते की त्याला, घेतले नाहीत. उलट एसटीची 75 टक्के सवलत दिव्यांगाला मिळती, तिथं बायकोचा पगार कोण बघत नाही हे सांगितलं, आणि नगरपालिका दिव्यांगांसाठी जो 5 टक्के निधी राखून ठेवती त्यासाठी साधा अर्ज टाईप करून दिला, पावती सकट.

आता वाईट. तीन पायऱ्या चढून जावं लागतं, रॅम्प नाही, एकच खुर्ची ती पण प्रिंटरच्या कागदांनी भरलेली, मालक बाहेर ऑटोतच बसले. सर्वर दुपारी डाऊनच असतो, सकाळी जा. पाच पैकी चार स्टार.