छोट्या विमानाने पुणे ते पुणे, सहा दिवस: आमचा अनुभव आणि बुकिंगआधी विचारायच्या गोष्टी

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन जानेवारीत होतं आणि त्यांनी आधीच सांगून टाकलेलं की हॉल नको, केटरर नको, हारतुरे नकोत, त्यापेक्षा मला एकदा वरून पाणी बघायचंय. बाबा पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं होते, नीरेचे कालवे सायकलवर आणि नंतर जीपमध्ये फिरून त्यांनी पाहिलेत, पण वरून कधीच नाही, आणि मोठ्या विमानातून दिल्लीला गेले तेव्हा खाली नुसते ढग. मग दादा आणि मी मिळून ठरवलं की छोटं विमान चार्टर करायचं, घरचे आठ जण, पुणे–हंपी–म्हैसूर–मदुराई–गोवा–पुणे, सहा दिवस. असं काही करता येतं हेच कित्येक लोकांना माहीत नसतं, आणि जे माहीत असतं ते सगळं लग्नाच्या हेलिकॉप्टरपुरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी विमान कुठलं घेताय ते बघा, बाकी सगळं नंतर. आम्हाला पहिल्यांदा एका एजंटने दोन इंजिनांचं, प्रेशराइज्ड, लेदर सीटवालं विमान दाखवलं, फोटो बघून सगळे खूश, पण त्या विमानाचे पंख खिडकीच्या खाली असतात आणि ते उडणार वीस-पंचवीस हजार फुटांवर. म्हणजे अर्ध्या सीटना खाली बघितलं की पंख दिसणार, आणि उरलेल्यांना नकाशासारखं लांबचं काहीतरी. आम्ही हट्टाने सेसना कॅरव्हॅन मागितलं. एकच इंजिन, पुढे एक पंखा, चाकं कायम बाहेर, दिसायला अगदी साधं, पण पंख वर छताला जोडलेले त्यामुळे प्रत्येक खिडकीतून सरळ खाली दिसतं. फक्त पंखाला आधार देणारा एक तिरका दांडा फोटोत येतो. वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि प्रेशराइज्ड नसल्यामुळे आम्ही नऊ-दहा हजार फुटांच्या वर गेलोच नाही, कधीकधी त्याहून बरंच खाली, आणि मला विचाराल तर हीच त्याची सगळ्यात मोठी चांगली गोष्ट आहे. लवकर पोचायचं असेल तर रोजची विमानं आहेतच की, इथे आपण खिडकी विकत घेतोय.

निघायच्या दोन दिवस आधी त्या एजंटचा फोन आला की कॅरव्हॅन मेंटेनन्सला आहे, त्याच पैशात दुसरं "अपग्रेड" देतो, आणि ते अपग्रेड म्हणजे पुन्हा तेच खाली पंखवालं. दादाने ठाम नाही म्हटलं, तारीख तीन दिवस पुढे गेली, हंपीचं हॉटेल बदलायला भुर्दंड पडला, पण आम्ही ऐकलं नाही ते फार बरं केलं. तेव्हा करारात विमानाचा प्रकार आणि शक्य असेल तर त्याचा व्हीटीपासून सुरू होणारा नोंदणी नंबरसुद्धा लिहून घ्या. आणि ऑपरेटरकडे डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, नॉन शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट (चार्टर उड्डाणांचा परवाना) आहे का ते विचाराच, कॉपी मागा, द्यायला कुरकुर केली तर सोडून द्या. कुणाचं तरी स्वतःचं खाजगी विमान आहे आणि तो पैसे घेऊन फिरवून आणतो म्हणाला तर ते कायद्यात बसत नाही, आणि काही झालं तर इन्शुरन्सचा मोठाच प्रश्न.

दुसरं म्हणजे वजन. आधी सगळ्यांचं वजन विचारलं होतं आणि निघताना खरोखर काट्यावर उभं केलं, बॅगांसकट. टाक्या पूर्ण भरल्या तर माणसं कमी घ्यावी लागतात आणि माणसं भरली तर इंधन कमी, हा हिशोब कॅप्टन मॅडमनी माझ्या भाचीला कागदावर मांडून दाखवला. मोठ्या चाकांच्या कडक सूटकेस चालत नाहीत, सामान विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात जातं म्हणून मऊ बॅगा लागतात. वहिनीने पैठणी घेतलेली ती मदुराईला नेसली, तेवढी जागा होते. आणि विमानात टॉयलेट नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगा, आमचा सगळ्यात लांबचा टप्पा सव्वादोन तासांचा होता आणि तो बेताने चहा पिऊन नीट निभावला.

लोहगाव हे हवाई दलाचं स्टेशन, त्यामुळे तिथे फोटो बंद, आणि आपलं विमान छोटं आहे म्हणून तपासणी सुटत नाही. पहिल्या दिवशी साडेसातला निघायचं होतं पण पुण्यात जानेवारीत असतं तसं धुकं, मग सुखोईंची उड्डाणं, अशात पावणेदहा वाजले. प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन, एडीसी नंबर म्हणजे हवाई संरक्षणाची परवानगी, एफआयसी नंबर म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा नंबर, हे सगळं लागतं, वेळ सरकली की ते पुन्हा बघावं लागतं. म्हणजे आपल्या मालकीची रिक्षा असल्यासारखं जरा इकडे वळवा असं होत नाही, काय काय बघायचंय ते आदल्या रात्री पायलटला सांगून ठेवावं लागतं.

उशिराचा तोटा दुसरा होता. दख्खनवर ऊन चढलं की गरम हवा वर येते आणि हलकं विमान चांगलंच हलतं, अकरानंतर माझ्या मुलाला उलटी झाली. अॅव्होमिन डॉक्टरांना विचारून आधीच घ्या, आलेपाक ठेवा, आणि रोज सकाळी लवकर निघायचा आग्रह धरा. आवाजही खूप असतो, हेडफोन सगळ्यांना मिळतात का विचारा, आम्हाला आठात पाचच मिळाले आणि ते आम्ही फिरवून फिरवून वापरले, एवढ्या पैशात हे बरोबर नाही.

पण ते पहिले दीड तास मी विसरणार नाही. पुण्याहून आग्नेयेला सरळ रेघ मारली तर ती जेजुरीवरून जाते, पुढे फलटण, मग आटपाडी. जेजुरीचा डोंगर एवढासा दिसला, आईने हात जोडले. आणि मग फलटणच्या बाजूला बाबा एकदम काचेला नाक लावून बसले. नीरेचा उजवा कालवा. एक बारीक चमकणारी वाकडी रेघ, तिच्या खालच्या अंगाला नुसता हिरवागार ऊस आणि वरच्या अंगाला तांबूस करडा माळ, मध्ये काही नाही, सुरीने कापल्यासारखं. आम्ही लहानपणापासून ऐकलंय की पाटाचं पाणी उतारानेच जातं, वरच्या बाजूच्या शेताला मिळत नाही, पण ते वाक्य आणि ते चित्र यात किती फरक आहे. बाबा हेडफोनमध्ये सांगत होते, हे बघ इथे वितरिका फुटते, इथे आमचं चौकीघर होतं. आटपाडीकडे आलो तसा हिरवा रंग संपतच गेला, नुसते माणदेशाचे माळ आणि मध्येच डाळिंबाचे चौकोन. डाव्या हाताला लांब आल्मट्टीचा फुगवटा चमकला आणि बाबा आणि दादा यांची तिथल्या तिथे धरणाची उंची ५२४ मीटरपर्यंत वाढवण्यावरून चर्चा सुरू झाली, सांगलीकरांना ती माहीतच आहे.

तुंगभद्रेच्या जलाशयावर कॅप्टनने एटीसीकडून, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाकडून, परवानगी घेऊन खाली उतरत एक मोठं वळण घेतलं. ऑगस्ट २०२४ मध्ये या धरणाचा १९ नंबरचा दरवाजा वाहून गेला होता, बाबांनी तेव्हा आठवडाभर बातम्या बघितल्या होत्या, आता ते वरून दरवाजे मोजत होते, एकूण ३३. हे धरण सिमेंटचं नाही, दगड आणि चुना-सुर्खीचं आहे, सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. हंपी वरून कशी दिसते ते सांगायला मला शब्द कमी पडतात, सगळीकडे गोल गोल शिळा कुणी ओतल्यासारख्या आणि त्यात विठ्ठल मंदिराचं, हत्तीशाळेचं आखीव बांधकाम, आणि नदी त्यातून वाट काढत गेलेली. खाली फिरताना शहर तुकड्यातुकड्यांत कळतं, वरून त्याचा आवाका कळला. उतरतो ते विद्यानगरचं विमानतळ तोरणगल्लूच्या स्टील कारखान्याचं, त्याची परवानगी आधी काढावी लागते, ते काम ऑपरेटरने चोख केलं होतं. तिथून हंपी तासाभरात.

उतरल्यावर कॅप्टन मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती मुलांना फार आवडली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूपर्यंत पुस मॉथ विमानातून टपाल आणलं, आणि पुढे ते नेव्हिल व्हिन्सेंट यांनी मद्रासला नेलं ते इथून जवळच्या बल्लारीत थांबून. म्हणजे एका पंख्याच्या छोट्या विमानाने दख्खन ओलांडायची ही वाट नव्वदहून जास्त वर्षं जुनी आहे. आम्ही त्यांना तिळगूळ दिला, संक्रांत नुकतीच झालेली.

म्हैसूरला उतरताना विश्वेश्वरय्यांचं कृष्णराजसागर धरण दिसलं. विश्वेश्वरय्या शिकले आपल्या पुण्यात, आणि त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे पहिल्यांदा बसले ते १९०३ मध्ये खडकवासल्याला, हे मला बाबांमुळे शाळेपासून पाठ. म्हैसूर आणि मदुराई जमिनीवरून सगळ्यांनी पाहिलंय, त्याबद्दल वेगळं लिहीत नाही, राजवाड्याला रविवारी संध्याकाळी दिवे लागतात एवढं लक्षात ठेवून दिवस ठरवा.

मदुराईहून गोव्याला जाताना बाबांची खास मागणी होती मुल्लपेरियार. १८९५ चं धरण, हेही चुना-सुर्खीचंच, पश्चिमेला केरळात जाणारं पाणी अडवून बोगद्यातून पूर्वेला मदुराईकडे वळवलेलं. ते बांधणारे इंजिनियर जॉन पेनीक्विक जन्मले पुण्यात, १८४१ मध्ये, मदुराईकडचे शेतकरी अजून त्यांना मानतात. पण घाटावर ढग होते, आनेमुडी शिखर तिथलं २६९५ मीटर, म्हणजे जवळपास नऊ हजार फूट, आणि आमचं विमान दहाच्या वर जाणार नाही, तेव्हा कॅप्टनने सरळ सांगितलं की जवळ जाणार नाही, मी जोखीम घेत नाही. ढगातल्या एका फटीतून पेरियारच्या तळ्याचे दोन-तीन फाटे दिसले तेवढेच. बाबा हिरमुसले, पण मला उलट त्या पायलटवर जास्त विश्वास बसला, आणि ऑपरेटर कसला निवडावा तर असा, नाही म्हणणारा. कोचीला इंधन घेऊन किनाऱ्याने वर मोप्याला, म्हणजे गोव्यातल्या विमानतळावर. एक इंजिन असल्यामुळे समुद्रावर लांब जायचं नाही, किनारा कायम हाताशी ठेवायचा, आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं ते निघण्यापूर्वी नीट दाखवलं.

कॅरव्हॅनला मोठ्या विमानांचंच इंधन, एटीएफ, चालतं म्हणून कोचीला पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. ट्रेनिंगची छोटी सेसना पेट्रोलच्या प्रकारातल्या इंधनावर, एव्हगॅसवर चालते आणि ते सगळीकडे मिळत नाही, त्यामुळे तसल्या विमानाने एवढ्या लांब जायचा विचार कुणी सुचवला तर आधी हे विचारा.

पैशांचं. आम्हाला माणशी अडीच लाखांच्या आत पडलं. तासाचा दर म्हणजे चाक हललं तिथपासून चाक थांबलं तिथपर्यंत, नुसतं हवेतलं नाही. विमान मुंबईहून रिकामं येणार आणि रिकामं जाणार तेही आपल्याच माथी. उडा किंवा न उडा, दिवसाला किमान दोन तासांचं बिल. हे सगळं आधी सांगितलं होतं, पण पायलटांचा मुक्काम, लँडिंग आणि पार्किंग याचं वेगळं बिल परत आल्यावर हातात पडलं, त्यावर दादाची अजून वादावादी चालू आहे. सगळं धरून एकच आकडा लेखी घ्या, जीएसटीसकट. आणि खायला म्हणून जे बॉक्स दिले त्यात गार सँडविच आणि ज्यूस, आम्ही घरच्या गूळपोळ्या आणि दशम्या नेल्या होत्या म्हणून बरं.

शेवटचा दिवस मात्र सगळ्यांत सुंदर. मोप्याहून उठलो, तेरेखोल, वेंगुर्ला, मालवण. सिंधुदुर्ग किल्ला वरून बघितल्यावर त्याचा तट किती नागमोडी आहे ते कळतं, बेटाच्या कडेकडेने वळत गेलेला. पुढे विजयदुर्ग, रत्नागिरीचा रत्नदुर्ग घोड्याच्या नालेसारखा, मग जयगड, आणि तिथून उजवीकडे वळून सह्याद्री. कोकणातून येताना तो कडा समोरून भिंतीसारखा वाढत येतो, खाली वाशिष्ठीचं खोरं, आणि कडा ओलांडला रे ओलांडला की पलीकडे एकदम शिवसागर, कोयनेचा जलाशय, लांबच लांब निळा, जंगलात बोटं पसरल्यासारखा. कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला सोडून वीज करतात आणि ते मग वाशिष्ठीला मिळतं हे आपण भूगोलात वाचतो. इथे पाणी सुटतं ती बाजू आणि पाणी साठतं ती बाजू पाच मिनिटांच्या आत दोन्ही बघितल्या. बाबा काहीच बोलले नाहीत. १९६७ च्या भूकंपानंतर तरुणपणी ते काही महिने तिथे कामाला होते. आईने त्यांचा हात धरला होता.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा: डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकट असतं पण घाट कोरडे मिळतात, पावसाळ्यात हा विचारच नको. पुण्याहून हंपीला जाताना आल्मट्टी डाव्या हाताला येतं, गोव्याहून परत येताना किनारा उजव्या. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला पायलटच्या लगेच मागची सीट द्या, तिथून पुढचंही दिसतं, आणि हवेत जागा बदलायची झाली तर आधी कॅप्टनला विचारा, आठ माणसांच्या विमानात एक माणूस मागे गेला तरी त्यांना ते कळतं.