नळाला लावायचा सॉफ्टनर: आठ महिन्यांनंतर

आमचं घर लातूरला, पाणी बोअरचं. काळ्या पाषाणातून झिरपलेलं, चांगलंच जड. तुरीची डाळ तीन शिट्ट्यांत शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. गेल्या दिवाळीत गीझर बंद पडला. मेकॅनिकने कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर पांढरा थर, पेचकसाने टोचला की चुन्यासारखे पापुद्रे पडत होते. पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम असा कॉइलवर बसतो. मग वीज जास्त जाते आणि कॉइल जळते.

म्हणून वॉशिंग मशीनच्या नळाला हा छोटा सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा कमी करणारा फिल्टर, बसवला. सोबतच्या किटने तपासलं: थेंब टाकत गेलं की लाल पाणी निळं होतं. आधी कठीणपणा (जडपणा) लिटरमागे ५४० मिलिग्रॅम भरला, नंतर ६० च्या आत. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली इष्ट मर्यादा २०० आहे, त्यावरून अंदाज घ्या. टॉवेल आता कडक होत नाहीत, पावडर निम्मी लागते. मला तर फार समाधान वाटलं.

पण दर दहा-बारा धुण्यांनंतर आत मीठ घालून धुवावा लागतो, नाहीतर रेझिन (कॅल्शियम पकडून ठेवणारे आतले बारीक मणी) काम करत नाही. हे विकणाऱ्याने सांगितलंच नाही, त्याचा राग आहे. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, यानं कमी होत नाही, त्यामुळे पिण्यासाठी घेऊ नका. गीझरसाठी दुसरा मागवलाय.