कॅलरीमापीचा सेट: भांडं एक नंबर, थर्मामीटर मात्र बदला

दहावीच्या 'उष्णता' धड्यासाठी कॅलरीमापीचा (गरम वस्तूने पाण्याला किती उष्णता दिली ते मोजायचं भांडं) सेट घ्यायचा विचार असेल तर हे वाचा, कारण ऑनलाइन जे रिव्ह्यू आहेत ते सगळे "छान आहे, वेळेत मिळालं" छाप, त्यातून काडीचा अंदाज येत नाही. माझे घरगुती क्लासेस आहेत, स्टेट बोर्डाची नववी-दहावी आणि अकरावी-बारावीचं फिजिक्स. फळ्यावर "गमावलेली उष्णता = मिळवलेली उष्णता" लिहून गणितं सोडवून घ्यायची, पोरं मार्क पण आणतात, पण पितळेचा तुकडा पाण्यात टाकल्यावर पाणी नक्की किती तापतं हे विचारलं तर कोणी 40 म्हणतं कोणी 60, म्हणून हा सेट घेतला. शाळेच्या लॅबचं सामान बरंचसं अंबाल्याहून येतं, हाही तिकडचाच, पुण्यातल्या एका दुकानातून घेतला, दोन हजाराच्या आत बसला. दुकानाचं नाव देत नाही, उगाच वाद नको.

सेटमध्ये काय आहे तर तांब्याचं भांडं, तांब्याचीच ढवळणी, आतून लोकर भरलेला लाकडी खोका, दोन भोकांचं झाकण, एक लाल द्रवाचा थर्मामीटर आणि सारख्या मापाचे चार दंडगोल, पितळ, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि शिसं. तापवायला काही नाही. हिप्सोमीटर, म्हणजे वाफेवर धातू तापवायचं लॅबमधलं भांडं, वेगळा घ्यावा लागतो, तो महाग आहे आणि घरी त्याची गरज पण नाही, ते पुढे सांगतो.

आधी चांगलं. भांडं खरंच मस्त आहे. पातळ पत्र्याचं, ढवळणीसकट 60 ग्रॅम भरलं, आणि पातळ असणंच इथे महत्त्वाचं, कारण भांडं जितकं जड तितकी उष्णता ते स्वतःच खाणार. या भांड्याचा वाटा 60 गुणिले 0.093 (तांब्याची विशिष्ट उष्मा, एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणाऱ्या कॅलरी; पाण्याला 1 लागते) म्हणजे साधारण साडेपाच ग्रॅम पाण्याइतका, 100 ग्रॅम पाण्यापुढे काही नाही, पण सोडून दिला तर उत्तर पाच टक्क्यांनी कमी येतं, म्हणून हिशोबात धरायचाच. सोबतच्या पत्रकात नुसत्या भांड्याचं वजन घ्या असं छापलंय, ढवळणीचा पत्ताच नाही, ती पण तांब्याची आणि ती पण पाण्यातच असते, तेव्हा दोन्ही एकत्र वजन करा. लोकर दाबून भरलीय, झाकण घट्ट बसतं, पाणी थंड व्हायला भरपूर वेळ लागतो. एवढ्या पैशात तक्रार नाही.

आता थर्मामीटर. एक तर आला तोच द्रव तुटलेला, मधे गॅप. ते दुरुस्त होतं, बर्फात मीठ घालून त्यात बुडवला की सगळा द्रव खाली जमतो आणि सांधला जातो, पण नवीन माल असा का यावा? खरं दुखणं वेगळंच आहे, त्यावर खुणा एकेका अंशाच्या आहेत. आता हा प्रयोग काय आहे ते आकड्यात बघा म्हणजे कळेल मी एवढा का चिडलोय. पितळेचा दंडगोल 101 ग्रॅम, पाणी 100 ग्रॅम, दंडगोल 97 च्या आसपास तापलेला, पाणी 25 च्या आसपास. पाणी वाढतं किती? जेमतेम पावणेसहा अंश. त्यात तुम्ही डोळ्याने "31 आहे की 30" करत बसलात तर वाढ 6 धरली की पितळेची विशिष्ट उष्मा येते 0.095, आणि 5 धरली की 0.078. पुस्तकात 0.09 च्या आसपास. म्हणजे एका खुणेच्या फरकाने उत्तर कुठल्या कुठे. शिशाचं तर विचारूच नका, तिथे वाढच पावणेतीन अंशांची, आलेला आकडा म्हणजे निव्वळ मटका.

उलट गरम धातूचं तापमान एक अंश चुकलं तरी फारसं बिघडत नाही, कारण तिथला फरक 66 अंशांचा आहे, त्यात एक म्हणजे दीड टक्का. पोरं मात्र सगळी काळजी उकळत्या पाण्याच्या रीडिंगची घेतात आणि थंड पाण्याचं घाईत उरकतात. नेमकं उलटं करायला पाहिजे. आणि हो, पत्रकात "धातू 100 अंशांला" असं ठोकून दिलंय. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, इथे पाणी 98 लाच उकळतं, महाबळेश्वरला तर त्याहून अडीच अंश खाली, तेव्हा मोजा, पाठ केलेला आकडा लिहू नका.

मी काय केलं तर स्वयंपाकघरात दुधासाठी वापरतात तो 0.1 अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर घेतला, दोन-अडीचशेत मिळतो. कोणी म्हणेल हे स्वस्तातले डिजिटल अर्धा-एक अंश चुकीचं दाखवतात, मान्य, पण सुरुवातीला आणि शेवटी तोच थर्मामीटर पाण्यात आहे, दोन्हीकडे सारखंच चुकणार आणि वजाबाकीत ते जाणार. आपल्याला फरक पाहिजे, खरं तापमान नाही. आकडा स्थिर व्हायला आठ-दहा सेकंद घेतो तेवढं थांबायचं, ढवळत राहायचं आणि वर जाऊन जिथे टेकेल तो आकडा घ्यायचा. झाकणाचं भोक त्याच्या दांडीला मोठं पडतं, मी बुचाचा तुकडा कोरून बसवला.

आमचं रीडिंग देतो, पडताळून बघा. पितळ 101 ग्रॅम, गरम 97.5, पाणी 100 ग्रॅम 25.4 वरून 31.1 ला. पाण्याने घेतली 570 कॅलरी, भांडं-ढवळणीने जवळजवळ 32, मिळून 602. पितळ उतरलं 66.4 अंश. भागाकार केला की 0.0897, ज्युलमध्ये किलोमागे 375 च्या आसपास. दहावीतल्या पोरांनी स्वयंपाकाच्या गॅसवर हे काढलंय, मला तरी यापेक्षा जास्त नको.

तापवायचं कसं, तर सेटवाले सांगतात दंडगोल दोऱ्याला बांधून थेट उकळत्या पाण्यात सोडा आणि उचलून कॅलरीमापीत टाका. असं करू नका. धातूला चिकटून नुसतं 1 ग्रॅम गरम पाणी आत गेलं तरी ते 65 कॅलरी घेऊन जातं आणि पितळेची स्वतःची पुंजीच 600 ची आहे, म्हणजे उत्तर सरळ दहा-अकरा टक्क्यांनी फुगलं. त्यात सोबत दिलेला सुती दोरा, तो तर पाणी पिऊनच बसतो. मी रुंद तोंडाच्या परीक्षानळीत दंडगोल कोरडा ठेवतो, तोंडाला कापसाचा बोळा, आणि नळी पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात उभी, पंधरा-वीस मिनिटं. दोऱ्याऐवजी तंगूस, मासे पकडायची असते ती, ती पाणी धरत नाही. नळी पातेल्यातून काढली की बाहेरून पटकन पुसायची, कॅलरीमापीच्या अगदी वर न्यायची आणि दंडगोल तंगूसला धरून अलगद सोडायचा, धपकन टाकला की पाणी उडतं आणि तेवढं पाणी हिशोबातून गेलं.

आणखी एक. पाणी माठातलं घ्या, पण वजन करून. काउंट रमफर्ड या उष्णतेवर काम केलेल्या शास्त्रज्ञाची जुनी युक्ती आहे, सुरुवातीचं पाणी खोलीपेक्षा जितकं थंड तितकंच शेवटचं खोलीपेक्षा गरम असेल असं जुळवायचं, म्हणजे आधी खोलीकडून जी उष्णता येते ती नंतर जाते आणि बरीचशी फिटंफाट होते. आमची खोली 28 ला असते, माठ 25 च्या आसपास, अगदी हवं तेवढं. फ्रीजचं पाणी नको, भांड्याला बाहेरून घाम येतो आणि लोकर ओली होते.

आता या सेटमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी बहुतेक बनवणाऱ्याच्या डोक्यातही नसेल. चारही दंडगोल एकाच मापाचे आहेत. शिशाचा हातात घेतला की मनगट खाली जातं, 136 ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमचा जेमतेम 32. पोरांना आधी विचारतो की पाणी जास्त कोण तापवेल, सगळा वर्ग शिशाकडे. आणि डिजिटलवर शिसं 2.7 अंशांवर दमतं, अ‍ॅल्युमिनियम चक्क 4.4, लोखंड सगळ्यांच्या वर, सहाच्या पुढे. पुस्तकातल्या मेणाच्या पट्टीच्या प्रयोगात (तापवलेले धातूचे गोळे मेणात किती खोल जातात ते बघायचं) पण लोखंडच सगळ्यात खोल जातं, पण तिथे गोळे सारख्या वस्तुमानाचे असतात, इथे वजन चौपटीहून जास्त असून शिसं हरतं, म्हणून धक्का मोठा बसतो. अकरावीवाल्यांना मी पुढची पायरी करायला लावतो, विशिष्ट उष्मा गुणिले अणुभार. शिसं 207 गुणिले 0.031, लोखंड 56 गुणिले 0.107, अ‍ॅल्युमिनियम 27 गुणिले 0.215, सगळीकडे उत्तर सहाच्या आसपास. ड्यूलाँग आणि पेटिट या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1819 मध्ये हेच दाखवलं, उष्णता वजनाला नाही, अणूंच्या संख्येला लागते, शिशाचा अणू जड म्हणून एका ग्रॅममध्ये अणू कमी. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे शिसं नुसतंच जाडं आहे, खात काहीच नाही." यापुढे मी काय शिकवणार!

बारीकसारीक कुरबुरी: लोखंडाचा दंडगोल वापरून लगेच पुसून तेलाचा हात नाही फिरवला तर गंजतो. शिशाला हात लावला की हात साबणाने धुवायला लावा, हे पत्रकात मोठ्या अक्षरात असायला हवं होतं, बारीकही नाहीये. दंडगोलांवर नाव कोरलेलं नाही, स्टिकर आहे, आणि गरम पाण्याने तो पहिल्याच दिवशी निघाला.

पाचात साडेतीन स्टार, थर्मामीटर धड दिला असता तर साडेचार दिले असते. ज्यांना नुसतं एकदा दाखवायचंय त्यांनी पैसे घालू नका, दोन कागदी कप एकात एक घालून वर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलं तरी पितळेचं उत्तर ठीक येतं, थर्माकोलचे कप आणखी चांगले पण 2018 च्या बंदीपासून ते आपल्याकडे मिळायचे नाहीत. दरवर्षी बॅचला करून घ्यायचं असेल तर मात्र सेट घ्या, आणि घेताना दुकानदाराला सांगून बघा की थर्मामीटर नको, तेवढे पैसे कमी करा. माझ्यावेळी तो आधी नाही म्हणाला, मग तुटलेला द्रव दाखवल्यावर 80 रुपये परत दिले.